नवा अभ्यासक्रम वर्गात कितपत उतरला, हे कसे तपासावे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेला पदवी अभ्यासक्रम २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाला. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी त्याच्या अंमलबजावणीचे मूल्यमापन करताना निकालाच्या टक्केवारीपासून सुरुवात करू नये, कारण न शिकवलेल्या विषयाचाही निकाल उत्तम लागू शकतो.

प्रथम तास मोजावेत. एका श्रेयांकासाठी (क्रेडिटसाठी) सत्रात १५ तासांचे अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक अपेक्षित असल्याने चार श्रेयांकांच्या तात्त्विक विषयाचे ६० तास होतात. वेळापत्रक, अध्यापकांची दैनंदिनी आणि हजेरीपत्रक एकमेकांशी ताडून पाहिल्यास यांपैकी किती तास प्रत्यक्षात झाले, हे कळते. मुख्य विषयाचे तास सहसा होतात; भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण आणि कौशल्याधारित विषयांचे तास मात्र आवर्जून तपासावेत.

खुल्या ऐच्छिक, म्हणजे आपल्या शाखेबाहेरून निवडायच्या, विषयांबाबत किती विषय जाहीर झाले, किती प्रत्यक्ष चालले आणि ते कोणी शिकवले, एवढे पाहिले तरी विद्यार्थ्याला खरोखर निवड मिळाली की नाही, हे स्पष्ट होते.

सर्वाधिक वेळ कार्यप्रशिक्षणाला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घेतलेल्या प्रशिक्षणाला, द्यावा. याच धोरणानुसार पदव्युत्तर प्रथम वर्षाच्या चार श्रेयांकांसाठी १२० तासांचे काम अपेक्षित आहे. सांगलीच्या हळद बाजारात, मिरजेच्या रुग्णालयांत किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत अशी संधी मिळू शकते. परंतु प्रमाणपत्र पाहून थांबू नये. विद्यार्थ्याने कोणते काम केले, ते कोणी शिकवले आणि त्याचा आपल्या विषयाशी काय संबंध होता, हे त्याच्याकडून आणि त्या आस्थापनेतील व्यक्तीकडून स्वतंत्रपणे विचारावे.

विद्यार्थ्यांचे अभिप्राय केवळ ऑनलाइन अर्जावर घेणे मला अपुरे वाटते. विषयाचे अध्यापक उपस्थित नसताना लहान गटांशी बोलावे आणि त्या गटांत गावाकडून एसटीने ये-जा करणारे विद्यार्थी असतील, याची काळजी घ्यावी. नव्या विषयांचे तास दिवसाच्या शेवटी ठेवले, तर गाडी गाठण्यासाठी हेच विद्यार्थी आधी निघून जातात आणि हजेरी कमी असण्याचे कारण अनास्था असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो.

अहवालात महाविद्यालयाच्या हातातील त्रुटी आणि अभ्यासक्रमातील त्रुटी वेगळ्या मांडाव्यात. वेळापत्रक आणि अध्यापक-नियुक्तीच्या बाबी अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने पुढील सत्रापूर्वी सोडवाव्यात. आशय जड किंवा अपुरा असल्याची निरीक्षणे, संबंधित घटकाचा उल्लेख करून, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे लेखी पाठवावीत.