कादंबरी अर्ध्यावर सुटते त्यामागच्या चुका

नवोदितांची हस्तलिखिते वाचण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आले आहे, आणि माझ्याकडे येणारी कादंबरीची बहुतेक बाडे पन्नास-साठ पानांच्या आसपास थांबलेली असतात. लिहिणारे सांगतात की पूर्वीची उमेद राहिली नाही, आता ती परत कशी आणायची? परंतु बाड नीट चाळले म्हणजे असे दिसते की उमेद आपोआप गेलेली नाही. लिहिण्याच्या एखाद्या चुकीच्या सवयीने मजकूर पुढे सरकायचा थांबला आणि त्यानंतर उमेद ओसरली. या क्रमाकडे लक्ष दिले नाही तर उपायही चुकीच्या जागी केला जातो. मग उत्साह वाढवणारी भाषणे ऐकली जातात, नवी वही घेतली जाते, टंकनाचे नवे ॲप उतरवले जाते, आणि बाड मात्र होते तिथेच राहते.

सर्वांत अधिक नुकसान करणारी चूक म्हणजे पहिले प्रकरण पुन्हा पुन्हा लिहीत बसणे. सातारा जिल्ह्यातील एक गृहस्थ कोयना धरणामुळे उठलेल्या एका कुटुंबावर कादंबरी लिहीत होते. त्यांचे स्वतःचे गाव शिवसागर जलाशयाखाली गेले होते आणि घरच्यांना रायगडकडे वसवण्यात आले होते, त्यामुळे विषय त्यांच्या रक्तातला होता. पहिल्या प्रकरणात आजी घराचा उंबरा सोडते तो प्रसंग होता आणि तो त्यांनी उत्तम लिहिला होता. दर रविवारी ते लिहायला बसत, पहिल्या पानापासून वाचायला घेत, एखादा शब्द खटके, तो बदलताना परिच्छेद बदले आणि दुपार संपून जाई. आधी ते प्रकरण तृतीयपुरुषी होते, नंतर ते आजीच्या तोंडी आले, त्यानंतर संवाद पाटणकडच्या बोलीत आले. प्रत्येक खर्डा आधीच्यापेक्षा सरस होता, परंतु दुसरे प्रकरण कधी सुरूच झाले नाही. दरम्यान, ज्या आत्याने त्यांना स्थलांतराच्या सगळ्या हकिकती सांगितल्या होत्या ती वारली. पुढची प्रकरणे लिहिली असती तर तिला काय विचारायचे राहिले आहे हे त्यांना वेळेवर कळले असते, आणि याची हळहळ मला आजही वाटते.

मी त्यांना पहिले प्रकरण कपाटात ठेवायला सांगितले आणि जे लिहिण्याची सर्वांत जास्त ओढ आहे तेच प्रकरण घ्या, मग ते कितव्या क्रमांकाचे का असेना, असे सुचवले. त्यांनी 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप घेतला. रायगडमध्ये वसलेल्या घरात ती बातमी पोहोचते, आणि जलाशयाच्या वरच्या उतारावर हट्टाने मागे राहिलेल्या चुलत्याचा शोध सुरू होतो. हे प्रकरण लिहिताना त्यांच्या ध्यानात आले की कादंबरी आजीची नसून त्या मागे राहिलेल्या चुलत्याची आहे. त्यानंतर लेखन थांबले नाही. कादंबरीचा खर्डा पूर्ण झाला तेव्हा इतका घासूनपुसून ठेवलेल्या पहिल्या प्रकरणातले जेमतेम दोन परिच्छेद त्यात उरले होते. कादंबरी कुठे जाणार आहे हे शेवटापर्यंत गेल्याखेरीज ठरत नाही, आणि तोवर सुरुवात पक्की करण्याचे कष्ट बहुधा वाया जातात.

यावर माझी स्वतःची सवय अशी आहे की बसल्यावर मागची फक्त शेवटची दोन पाने वाचायची, त्यांत काहीही खोडायचे नाही, आणि सुचलेल्या दुरुस्त्या एका वेगळ्या वहीत टिपून ठेवायच्या. 'चुलत्याचे वय कमी करणे, प्रकरण 1 पाहणे' एवढी एक ओळ लिहिली की मन निश्चिंत होते. पुढचे पान मात्र चुलत्याचे वय आधीच कमी झाले आहे असे धरून लिहायचे.

दुसरी चूक गोड असल्यामुळे अधिक धोक्याची आहे. प्रकरण हातावेगळे होताच ते मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले जाते आणि 'अप्रतिम', 'पुढचे कधी?' असे निरोप येतात. पुस्तक पूर्ण झाल्यावर मिळायचे समाधान वीसाव्या पानावरच मिळून जाते, आणि एकांतात बसून तीनशे पाने लिहिण्याची निकड उरत नाही. शिवाय एखाद्याने सहज विचारलेल्या शंकेने लिहिणारा बिचकतो आणि तोवर सरळ चाललेले कथानक त्या शंकेला उत्तर देण्यासाठी वळवतो. खर्डा अपुरा असताना तो वाचायला द्यायचाच असेल तर एकाच माणसाला द्यावा, आणि तो माणूस स्तुती करणारा नसून पुढचे प्रकरण ठरल्या दिवशी मागून घेणारा असावा.

मुदतीची गरज आपल्या लेखकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशः प्रसिद्ध केली. साप्ताहिकाचा अंक निघायचा म्हणजे मजकूर छापखान्यात जायलाच हवा. 1909 च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेल्या दिवाळी अंकांनीही असंख्य कथा केवळ मजकुराच्या तारखेच्या जोरावर पूर्ण करून घेतल्या आहेत. कादंबरीला अशी बाहेरची तारीख क्वचितच मिळते, म्हणून ती दुसऱ्या माणसाच्या साक्षीने ठरवून घ्यावी.

मोठ्या सुटीची वाट पाहू नये. साठ हजार शब्दांची कादंबरी रोज तीनशे शब्दांनी दोनशे दिवसांत पूर्ण होते, आणि तीनशे शब्द स्वयंपाकाआधीच्या तासाभरातही होतात. एका बैठकीत तीन हजार शब्द लिहिण्याचा संकल्प करणारे उतावळे लोक मला आठवड्यानंतर लिहिताना क्वचितच दिसतात.

संदर्भ गोळा करण्याला लेखन समजू नये. एखादा तपशील अडला तर तिथे चौकोनी कंस करून पुढे जावे.

अलीकडे मधली रटाळ वाटणारी प्रकरणे संगणकाकडून लिहून घेण्याचा मार्ग अनेक जण विचारतात, आणि त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. मधला भाग अडतो तो बहुतेक वेळा कथेतच काही बिघडले आहे म्हणून. तो भाग दुसऱ्याने भरून दिला तर बिघाड तसाच राहतो आणि लेखकाचा आपल्याच पात्रांशी असलेला संबंध तुटतो. अशा वेळी मी मागे जाऊन, लिहिताना स्वतःला शेवटची उत्सुकता वाटली होती ते पान शोधते. त्याच्या पुढेच कुठेतरी पात्राला हवे ते फार सहज मिळालेले असते, किंवा दोन माणसांचे भांडण आपण घाईने मिटवलेले असते. त्या पानापासून पुढचा मजकूर बाजूला काढून ठेवावा. तो फाडू नये, कारण त्यातले संवाद पुढे उपयोगी पडतात. मग ते भांडण न मिटवता तिथूनच पुढे लिहायला घ्यावे. वीस-पंचवीस पाने बाजूला पडल्याचे दुःख होते, पण तुंबलेली गोष्ट बहुधा दोन-तीन बैठकांत वाहू लागते, आणि ती तरीही हलली नाही तर त्याच रीतीने आणखी एक प्रसंग मागे जाऊन पाहावे.