प्लेटिंगचा जुना गाळा घेताय? आधी फरशी बघा

नाशिकच्या अंबडला किंवा सातपूरला क्रोम प्लेटिंगचा बंद गाळा स्वस्तात मिळतोय म्हणून लगेच टोकन देऊ नका. टाक्या होत्या तिथली फरशी वाकून बघा. सांध्यांत पिवळा खार फुटलेला दिसला तर हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा, संशय घ्या. कोरडा झाडू अजिबात मारायचा नाही. ती धूळ कॅन्सरला आमंत्रण देते.

दुसरं, ॲसिड ओतून फरशी घासायची आपल्याकडे खोडच आहे. झिंक, तांबं, चांदीच्या कामात सायनाइड वापरतात. त्यावर ॲसिड पडलं की विषारी वायू सुटतो, मग माणूस हाताशी लागत नाही. आधी सायनाइडची तपासणी, बाकी सगळं नंतर.

मातीचे नमुने टाक्यांखालून आणि गटारीलगत, वेगवेगळ्या खोलीवरून घ्या. बोअरचं पाणीही तपासा. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे.

टाक्यांच्या खड्ड्यात साचलेल्या पिवळ्या पाण्यावर जाणकार केमिस्टच काम करेल: पीएच (आम्लतेचं माप) अडीचच्या आसपास आणून सोडियम मेटाबायसल्फाइट, पिवळा रंग जाऊन हिरवट झाला की चुना घालून पीएच साडेआठपर्यंत. गाळ खाली बसतो. तो घंटागाडीत टाकायचा नसतो, हे सांगावं लागतं! लेबल लावलेल्या पिशव्या, छपराखाली, फार तर 90 दिवस. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या गाडीतून, फॉर्म 10 (घातक कचऱ्याच्या वाहतुकीची नोंद) भरून, अधिकृत विल्हेवाट केंद्रावर.

माती उकरायची ती जूनच्या आत.