सुपरहिरो कॉमिक्स वाचताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

मे महिन्यात भुसावळला दुपारी बारा ते चार घराबाहेर पडायची सोय नसते. पंखासुद्धा गरम वारा फेकतो. माझं कॉमिक्सचं वेड त्या चार तासांत वाढलं, आणि चुकाही तेव्हाच झाल्या.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे ‘अंक १’ दिसला की उचलायचा. आपल्याला वाटतं, गोष्ट इथून सुरू होते. पण ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा अंक १ निघाला १९६३ साली, मग १९९९ला पुन्हा अंक १, पुढे २०१४, २०१५, २०१८ आणि २०२२लाही! ‘एक’ आकडा दिसला की खप वाढतो, एवढाच त्यामागचा हिशोब. डीसी या प्रकाशन कंपनीने तर २०११ला एकदम ५२ मालिका एकपासून सुरू केल्या. आमच्या जंक्शनवर आयत्या वेळी प्लॅटफॉर्म बदलतो तेव्हा शहाणा माणूस पाटीकडे न बघता गाडी कुठली ते विचारतो. इथेही तेच करा. आकडा सोडा, लेखक-चित्रकाराची जोडी बघा. बॅटमॅन नव्याने सुरू करायचा असेल तर फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांची १९८७ची ‘इयर वन’ घ्या. चार अंकांत काम होतं, मागचं काही माहीत असावं लागत नाही.

कॅप्टन मार्व्हल मागवताना नीट सांगा. एक १९४०च्या सुमाराचा, ‘शझॅम’ म्हणणारा, तो आता डीसीकडे आहे. मार्व्हल या दुसऱ्या कंपनीचा वेगळा, १९६७चा. मी एक मागवला, आला दुसरा.

दुसरी मोठी चूक, मेलेल्यासाठी रडणं. १९९२ला सुपरमॅन मेला. तो अंक मला बऱ्याच वर्षांनी मिळाला आणि मी दोन दिवस नीट जेवलो नाही. पुढे नव्या अंकात तो उडताना बघून मोठी माय चष्मा सावरत म्हणाली, “हाऊ ते मरी गयथा ना?” तिला काय सांगणार? फ्लॅश १९८५ला गेला, तो २००८ला परतला. बॅटमॅनचा साथीदार असलेल्या दुसऱ्या रॉबिनचा, म्हणजे जेसन टॉडचा जीव तर १९८८ला वाचकांनी फोनवर मत देऊन घेतला: मारा म्हणणारे ५,३४३, वाचवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांचा फरक! आमच्याकडे एवढ्या फरकाने सरपंच पडतो आणि पुढच्या वेळी पुन्हा उभा राहतो. जेसनही २००५ला उभा राहिलाच. म्हणून सुतक धरू नका, फार तर चहा टाळा.

या बाबतीत मला आपला वेताळ (इंग्रजीतला फँटम) सगळ्यांत शहाणा वाटतो. ली फॉकने १९३६ला त्याला आणला, इंद्रजाल कॉमिक्सने तो आपल्या घरात पोचवला. बाप गेला की मुखवटा मुलाच्या तोंडावर, आणि जंगलातल्या लोकांना वाटतं हा अमर आहे. एकविसावी पिढी चालली आहे. वडिलोपार्जित केळीच्या बागेसारखा सरळ मामला, फक्त सातबाऱ्यावर नाव चढवायची भानगड नाही.

जुन्या अंकात चूक सापडली म्हणून उड्या मारू नका. १९३८च्या पहिल्या अंकात सुपरमॅन उडत नाही, लांब उडी मारतो. उडणं नंतर आलं. १९६२च्या पहिल्या अंकात हल्क राखाडी आहे, पण तो रंग छपाईत एकसारखा येईना. म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा केला. मी मात्र तेव्हा ‘प्रिंट खराब आहे’ म्हणून रद्दीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडलो होतो.

आता जपणूक. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप सुटते, डिंक तपकिरी होऊन पानातच राहतो, आणि नेमका नायकाच्या तोंडावर. जुना स्वस्त कागद आम्लामुळे आपोआप पिवळा पडतो, उष्णतेने आणखी लवकर. म्हणून पत्र्याच्या छपराखालची ट्रंक नको, खालच्या खोलीतलं लाकडी कपाट बरं. पावसाळ्यात पिना गंजतात. अंक भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. कसरीसाठी मोठी माय कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवायची. तिच्या कपाटातला वेताळ अजून शाबूत आहे. माझा ट्रंकेतला सुपरमॅन हात लावला की तुकडे होतो.