जुनी स्पॅनिश एकनळी बंदूक: ओळखताना आणि किंमत ठरवताना या चुका टाळा

स्पॅनिश एकनळी हाती आली की बहुतेक जण आधी नाव शोधतात. नळीवर दोन-तीन शब्द कोरलेले दिसतात, ते इंटरनेटवर टाकले जातात, हाती काही लागत नाही. मग कुणी म्हणतं ‘दुर्मीळ दिसतेय’, कुणी म्हणतं ‘भंगार आहे’. दोन्ही निष्कर्ष घाईचे. या बंदुकांची खरी माहिती नावात फारशी नसते. ती असते नळीच्या बुडाशी, फोरएन्डच्या (नळीखाली पुढे हात धरायच्या) लाकडाखाली झाकलेल्या शिक्क्यांत. म्हणून बंदूक उघडा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, फोरएन्ड काढा, नळी वेगळी करा आणि मगच वाचायला बसा.

कोरलेला प्रत्येक शब्द म्हणजे कंपनी, हा समज

‘एइबार’ हे कारखान्याचं नाव नाही. ते स्पेनच्या बास्क प्रांतातलं, गिपुस्कोआमधलं गाव आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या बंदुका बनल्या. ‘आथेरो कोंप्रिमिदो’ असं लिहिलं असेल तर ती नळीच्या पोलादाची जात झाली, ‘मार्का रेजिस्त्रादा’ म्हणजे नोंदणीकृत चिन्ह. हे शब्द बनवणाऱ्याचं नाव समजून विक्रीच्या जाहिरातीत टाकणारे आजही भेटतात.

नाव न सापडण्याचं कारण या गावाच्या कामाच्या पद्धतीत आहे. एइबारमध्ये मोठ्या कारखान्यांइतकंच काम लहान कार्यशाळांतून होई. एकाने नळ्या करायच्या, दुसऱ्याने चाप-घोड्याच्या यंत्रणेचे भाग, तिसऱ्याने दस्ता, आणि जोडणी करणारा वेगळाच. तयार बंदुकीवर कधी जोडणाऱ्याचं, कधी परदेशातल्या दुकानदाराचं नाव पडे. या कारागिरीची झेप किती होती ते पाहायचं तर सायकलींकडे बघा: ओर्बेआ १८४० मध्ये एइबारमध्ये बंदुका बनवणारी पेढी म्हणून सुरू झाली, आणि बीएच ही सायकल कंपनीही शस्त्रांच्याच धंद्यातून आली. हे कळल्यावर ‘नाव सापडत नाही म्हणजे बंदूक खोटी’ असं म्हणवत नाही.

नाव सापडलं तरी जपून. आया, म्हणजे आगिरे इ अरान्सबाल, हे नाव दुनळी साइडलॉकसाठी (यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेल्या महाग बंदुकीसाठी) मोठं आहे. पण त्याच घराची ‘कॉसमॉस’ ही साधी एकनळी शेतकऱ्याच्या आणि नवशिक्याच्या खिशाला परवडावी म्हणून बनलेली होती. साइडलॉकची किंमत बघून कॉसमॉसचा भाव लावू नका. व्हिक्टर सारास्केता किंवा उगार्तेचेया या नावांनाही हेच लागू.

वर्षाचं अक्षर इंग्रजी बाराखडीने मोजणं

नव्या नळ्या जादा दाबाने तपासून शिक्का मारणाऱ्या एइबारच्या सरकारी चाचणी केंद्राने १९२७ पासून प्रत्येक वर्षाला एक अक्षर दिलं. ‘ए’ म्हणजे १९२७. इथपर्यंत सोपं आहे. पण पहिल्या फेरीत जुनी स्पॅनिश वर्णमाला वापरली आहे. तिच्यात ‘सीएच’ आणि ‘एलएल’ ही जोडअक्षरं स्वतंत्र धरतात, ‘एन’नंतर डोक्यावर लहर असलेलं ‘एन्ये’ येतं आणि ‘डब्ल्यू’ नसतं. त्यामुळे ‘आर’ शिक्का दिसला आणि बोटांवर इंग्रजीने मोजलं तर १९४४ येतं. खरं वर्ष आहे १९४७. पहिली फेरी ‘झेड’वर १९५४ मध्ये संपली. ‘ए१’ म्हणजे १९५५. या दुसऱ्या फेरीत मात्र ‘सीएच’ आणि ‘एलएल’ गाळले, ‘एन्ये’ ठेवलं, म्हणून ‘ए२’ येतं १९८१ ला. हा फरक लक्षात ठेवलात तर तक्ता जवळ नसतानाही वर्ष काढता येतं.

हे वर्ष चाचणीचं असतं. अक्षर नसेल तर बंदूक १९२७ पूर्वीची असू शकते, किंवा कुणीतरी पॉलिश करताना शिक्का घासून टाकलेला असू शकतो. आजूबाजूचे शिक्के धूसर असतील तर दुसरी शक्यता आधी धरा.

शिक्क्यांतले आकडे मॉडेल नंबर समजणं

‘१२-७०’ म्हणजे बारा बोअर (नळीच्या रुंदीचं माप), चेंबरची लांबी ७० मिलिमीटर. ‘१८.५’च्या आसपासचा आकडा नळीच्या आतला व्यास. ‘९००’ सारखा आकडा चाचणीच्या वेळचा दाब, किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. तेवढ्या दाबाचं काडतूस रोज चालेल असा त्याचा अर्थ नाही. ‘३६’ दिसला तर गोंधळू नका. आपण ज्याला चारशे दहा म्हणतो त्या बोअरला स्पेनमध्ये ३६ म्हणतात. ओळीने कोरलेल्या चांदण्या नक्षी नाहीत, त्या चोक, म्हणजे नळीचं तोंड किती आवळलं आहे ते सांगतात. एक चांदणी म्हणजे फुल (सर्वात आवळ) चोक, चांदण्या वाढत जातात तसा चोक मोकळा होत जातो.

काडतूस बसलं म्हणजे चालतं, हा सगळ्यात घातक गैरसमज

जुन्या बंदुकांत ६५ मिलिमीटरचं चेंबर बऱ्याचदा असतं. काडतुसाची लिहिलेली लांबी ते उडाल्यानंतरची, तोंड पूर्ण उघडल्यावरची असते. दुमडलेलं ७० चं काडतूस साठ मिलिमीटरच्या आतबाहेर भरतं, म्हणून ६५ च्या चेंबरमध्ये ते अगदी बिनबोभाट बसतं. चाप ओढल्यावर मात्र दुमड उघडायला जागा नसते, ती पुढच्या निमुळत्या भागात घुसते आणि दाब वाढतो. शिक्का वाचल्याशिवाय आणि जाणकार गनस्मिथकडून चेंबर मोजून घेतल्याशिवाय एकही बार उडवू नये. स्टीलचे छर्रे तर अशा नळीत नकोच.

बाहेरून दिसणाऱ्या घोड्याचीही (चाप ओढल्यावर आपटणाऱ्या हातोडीची) तपासणी हवी. काही जुन्या एकनळ्यांत घोडा खाली असताना थेट फायरिंग पिनवर (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या टोचणीवर) टेकून राहतो. रिकाम्या बंदुकीत घोडा अंगठ्याने हळू खाली सोडा आणि नळीमागच्या पोलादी तोंडावर पिनचं टोक डोकावतंय का ते बघा. डोकावत असेल तर भरलेली बंदूक आपटली तरी धोका. बंद केल्यावर नळी डावी-उजवी हलते का, दस्त्याच्या मनगटाशी (मुठीत धरायच्या बारीक भागाशी) चीर आहे का, उजेडाकडे धरल्यावर नळीच्या आत काळं कडं दिसतं का, हेही बघा. ते कडं बहुधा फुगवट्याचं असतं, आणि फुगलेल्या नळीची किंमत बोलण्यात अर्थ नाही.

कापलेली नळी न ओळखणं

शिक्का सांगतो एक चांदणी, म्हणजे फुल चोक, पण तोंडाशी व्यास मोजला तर आतल्याइतकाच भरतो. अशा वेळी नळी पुढून कापली असण्याची दाट शक्यता. लांबी मोजताना बंदूक बंद करून तोंडातून लाकडी सळई आत घालतात. साधारण ७१ किंवा ७६ सेंटिमीटर, म्हणजे २८ किंवा ३० इंच आलं तर ठीक. आडनिडा आकडा आला तर नेम धरायचा पुढचा मणी मूळ जागी आहे का, तोंडाची कड सरळ आहे का, ते तपासा. कापलेल्या नळीने भाव पडतो, आणि अमेरिकेत ती १८ इंचांच्या खाली गेली असेल तर प्रकरण थेट कायद्याचं होतं.

विकण्याआधी चकाकी आणणं

हे करू नकाच. सँडपेपर, बफिंग, बाटलीतलं काळं रसायन, दस्त्यावर चकचकीत वार्निश, या सगळ्याने शिक्के आणि मूळ रंग दोन्ही जातात. मऊ कापड आणि थोडं तेल पुरे.

मागितलेल्या किमतीला बाजारभाव समजणं

जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती बघा. बाहेर घोडा असलेली साधी स्पॅनिश एकनळी अमेरिकेत बऱ्या अवस्थेत साधारण १०० ते २०० डॉलरच्या टप्प्यात असते. सोळा बोअरला काडतुसं मिळणं अवघड, म्हणून बोअर वेगळा असला की भाव वाढतो असं गृहीत धरू नये. भाव खरोखर उचलतात त्या गोष्टी वेगळ्या: न घासलेला मूळ रंग, हाताने केलेलं कोरीवकाम, मूळ दस्ता, आणि मालकीचे कागद. कमी किमतीची म्हणून ही बंदूक कमी प्रतीची ठरत नाही. साध्या घडणीच्या या एकनळ्या वर्षानुवर्षं शेतावर राबल्या आहेत, आणि बनवणाऱ्यांचं त्यात खरं कौशल्य आहे.

कागद नंतर बघू, असं म्हणणं

भारतात अशी बंदूक परवान्यावर ‘एसबीबीएल’ (सिंगल बॅरल ब्रीच लोडिंग) म्हणून नोंदलेली असते. परवान्यावरचा बोअर आणि नंबर बंदुकीवरच्या आकड्यांशी ताडून पाहा; नंबर म्हणून बोअरचा किंवा दाबाचा आकडा उतरवून घेतलेला नाही ना, हे विशेष बघा. परवानाधारक वारले असतील तर मूल्यांकनासाठी बंदूक घेऊन फिरू नका. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारणपणे दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे वारसाकडे आधीच दोन असतील तर ही तिसरी कुणाकडे जाणार ते आधी ठरवा. जाणकाराला दाखवायचे फोटो जमा केलेल्या ठिकाणी, परवानगी घेऊन काढा: नळीच्या बुडाचा सपाट भाग तिरप्या उजेडात, चेंबरचं तोंड, नळीचं पुढचं टोक, बंद अवस्थेतल्या दोन्ही बाजू.