जेरी अ‍ॅडम्सवर दहा मिनिटं कसं बोलायचं

सीताबर्डीच्या आमच्या अभ्यासिकेत दर शनिवारी एकानं परदेशी नेत्यावर दहा मिनिटं बोलायचं असतं. उत्तर आयर्लंडचा पुढारी अ‍ॅडम्स वाट्याला आला की पोट्टे १९४८च्या जन्मापासून सुरू होतात अन् १९७२च्या तुरुंगातच वेळ संपवतात. तसं करू नका. कागदावर तीन सभागृहं मांडा, लंडन (ब्रिटिश संसद), बेलफास्ट (उत्तर आयर्लंडची विधानसभा), डब्लिन (आयर्लंडची संसद), अन् प्रत्येकापुढे लिहा: निवडून कधी आला, बसला का?

सुरुवात लंडनपासून, खरी गोम तिथंच आहे. १९८३ साली तो बेलफास्ट वेस्टचा खासदार झाला, त्याच वर्षी उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडू पाहणाऱ्या शिन फेन पक्षाचा अध्यक्षही. १९९२ला पडला, १९९७ला परत आला, २०११पर्यंत राहिला. पण सभागृहात एकदाही बसला नाही, कारण त्यासाठी ब्रिटिश राजसत्तेच्या निष्ठेची शपथ घ्यावी लागते. इथं कोणीतरी विचारतंच, "सर, म्हणजे सभात्याग?" नाही बाप्पा. हिवाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा देणाऱ्या आपल्या आमदारांनी शपथ घेतलेली असते. दुसऱ्या दिवशी ते आत जाऊन बोलतात. यानं शपथच नाकारली, आणि मतदार तरीही निवडून देत राहिले. यावर दोन मिनिटं खुशाल घालवा.

डब्लिनचं उलट. जुना बहिष्कार सोडून तिथल्या संसदेत बसायचं असं पक्षानं १९८६मध्ये ठरवलं, त्यावरून जुने सहकारी बाहेर पडले. अ‍ॅडम्स स्वतः तिथं गेला २०११ला, लाउथमधून. बेलफास्टच्या विधानसभेत मात्र १९९८पासूनच, म्हणजे १० एप्रिलच्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर. कराराआधीची दुसऱ्या राष्ट्रवादी पक्षाचा नेता जॉन ह्यूमशी बोलणी आणि ३१ ऑगस्ट १९९४ची आयआरए या सशस्त्र संघटनेची शस्त्रसंधी एका दमात सांगा. मध्ये ब्रिटिश टीव्हीचा किस्सा पेरा: १९८८ ते १९९४ त्याच्या आवाजावर बंदी होती, म्हणून चित्र त्याचं आणि आवाज नटाचा! मागच्या बाकावरचेही जागे होतात.

'तो आयआरएत होता' असं ठोकून देऊ नका. त्यानं कायम नाकारलंय, त्याच्या काही जुन्या साथीदारांनी उलट सांगितलंय. दोन्ही सांगा आणि पुढे चला.

शेवटी २०१८ला मेरी लू मॅकडोनाल्डकडे अध्यक्षपद, २०२०ला निवडणूक लढवली नाही. एवढं पुरे. वेगळ्या विदर्भाशी तुलना कोणी काढलीच, तर त्याला खाली टपरीवर चहाला बोलवा; तो विषय दहा मिनिटांत आटपत नाही.