सस्पेन्शनचा गंजलेला बोल्ट: तुटण्याआधी आणि तुटल्यावर या चुका टाळा

पावसाळा सरत आला की पुण्यातल्या गॅरेजांमध्ये पुढून खडखड वाजणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. खड्ड्यांनी बुश फाटलेले असतात, आणि गाडी गणपतीला कोकणात जाऊन आलेली असेल तर खारी हवा आणि चिखल दोन्ही बोल्टवर बसलेले असतात. लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातला रबरी भाग, बदलणं हे काही फार मोठं काम नाही. पण बोल्ट तुटला की तेच काम दोन-दोन दिवस रखडतं. आणि तो बहुतेक वेळा एकाच कारणाने तुटतो: नेमका कुठे जाम झालाय हे न बघता जोर लावलेला असतो.

नट सुटला म्हणजे बोल्ट सुटला असं धरून चालणं

लोअर आर्मचा बोल्ट सबफ्रेमच्या (गाडीखालच्या लोखंडी चौकटीच्या) ब्रॅकेटमधून, मग बुशच्या आतल्या लोखंडी नळीतून आणि परत ब्रॅकेटमधून जातो. नळी आणि बोल्ट यांच्यात अगदी बारीक फट असते. तिथे पाणी शिरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे फट भरून येते आणि दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात. नट सहज निघतो, पण बोल्टचं डोकं फिरवलं की थोडं वळतं आणि पाना सैल सोडताच परत मागे येतं. हा स्प्रिंगसारखा मागे येणारा झटका हाताला जाणवला की तिथेच थांबा. तुम्ही बोल्ट फिरवत नसून बुशचं रबर पिळताय. आता पान्याला पाइप लावलात तर डोकं तुटून हातात येणार.

इथे आट्यांवर कितीही तेल मारून उपयोग नाही, कारण अडचण आट्यांत नाहीच. नळीची टोकं ब्रॅकेटला जिथे टेकतात तिथे दोन्ही बाजूंनी पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारं पातळ तेल) सोडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी नट परत चढवा, बोल्टच्या टोकाशी बरोबर सपाट येईल इतकाच, आणि मग जड हातोड्याने नेमके घाव घाला. नटाशिवाय ठोकलं तर टोक फुलतं आणि बोल्ट त्याच्या स्वतःच्या भोकातून बाहेर येत नाही.

तरीही हलला नाही आणि बुश बदलायचाच असेल, तर तासन् तास झगडू नका. ब्रॅकेट आणि बुश यांच्या मधल्या फटीत हॅकसॉचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडे कापा. ब्रॅकेटला मात्र ओरखडा जाता कामा नये. आणि कापण्याआधी नवा बोल्ट, नट आणि बुश हातात हवेत. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करून, माल घेऊन या आणि मगच पातं लावा.

काही गाड्यांत नट सबफ्रेमच्या आत वेल्ड केलेला असतो. बोल्ट मोकळा फिरतोय पण बाहेर येत नाही, असं झालं तर आतला नट उखडलाय. मग सबफ्रेमच्या पोकळ पेटीला खिडकी कापून नट पान्याने धरावा लागतो आणि नंतर परत नीट वेल्ड करावं लागतं. हे काम चांगल्या फॅब्रिकेटरकडेच द्या.

फवारा मारून लगेच पाना लावणं

डब्ल्यूडी-40 मधला डब्ल्यूडी म्हणजे ओलावा हटवणं. नेहमीचा डबा मुळात त्याच कामाचा. जाम आट्यांसाठी वेगळं पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं, ते घ्या. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, नाहीतर तेल गंजाच्या थरावरच राहतं. बोल्ट आधी किंचित आवळा, मग सोडा. हलला की थोडा बाहेर, थोडा आत, असं करत आणा. कुरकुरला तर पुन्हा तेल.

पाना सहा कोनी गोटीचाच हवा. बारा कोनी रिंगने गंजलेल्या डोक्याचे कोपरे जातात. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून पाइपने हिसके मारणं जिवावर बेतू शकतं. खाली स्टँड लावल्याशिवाय कामाला हात घालू नका.

आग कुठेही लावणं

उष्णता फार उपयोगी आहे, पण ती नटाला द्यायची, बोल्टला नाही. नट प्रसरण पावून पकड सोडतो. शेजारी बॉल जॉइंटचं रबर, ब्रेकचा होज, एबीएसची वायर असते. ती बाजूला करा किंवा झाका. गॅस भरलेल्या शॉकअपला ज्योत कधीच दाखवू नका. पुण्यात सीएनजीच्या गाड्या भरपूर आहेत. खालून जाणारी लाइन कुठे आहे हे बघितल्याशिवाय टॉर्च पेटवू नका. इंडक्शन हीटर मिळत असेल तर तोच वापरा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी आग किंवा वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, म्हणून तिथे तो मारूच नका. तापवलेला बोल्ट परत बसवायचा नाही, कारण त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेला असतो.

तुटलेल्या बोल्टमध्ये घाईने इझी-आउट घालणं

बोल्ट नकलमध्ये (चाकाचा हब धरणाऱ्या भागात) तुटला की पहिला मोह इझी-आउटचा, म्हणजे तुकड्यात भोक पाडून त्यात उलटं फिरवायच्या हत्याराचा, होतो. पण ज्याने अख्खं डोकं तोडलं त्या गंजापुढे बारीक इझी-आउट टिकत नाही. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला लागत नाही, इतका तो कडक असतो. तुकडा थोडा वर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा. पकडही मिळते आणि वेल्डची उष्णता गंज सैल करते.

ड्रिल करायचंच असेल तर तुकड्याचं तोंड कानशीने सपाट करा आणि बरोबर मध्यावर सेंटर पंच मारा. ड्रिल हळू फिरवा, कटिंग ऑइल सोडत राहा. 10.9 ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, बोल्टला कोबाल्टचं बिट लागतं. भोक सरकलं तर भोवतालचे आटे जातात. एम10 × 1.25 च्या (10 मिमी जाडी, 1.25 मिमी पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर) आट्यांसाठी भोक सुमारे 8.8 मिमी असतं, त्यापुढे जाऊ नका. इझी-आउट आत तुटलाच तर नकल उतरवा आणि भोसरीच्या एमआयडीसीत स्पार्क इरोजनचं (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवण्याचं) काम करणाऱ्याकडे न्या.

नवा बोल्ट बसवताना

हार्डवेअरच्या दुकानातला बिनखुणेचा बोल्ट सस्पेन्शनला लावू नका. डोक्यावरचा ग्रेड आणि आट्यांची पिच जुन्याशी जुळलीच पाहिजे. नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) नट नवाच घ्या. अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं ग्रीससारखं लेपण) नळीत राहणाऱ्या गुळगुळीत भागाला लावा. आट्यांना लावलं तर ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो. बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना फक्त बोटाने घट्ट करा. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावरच टॉर्क रेंचने शेवटचा आवळा. लटकत्या आर्मवर आवळला तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या.