गळीत हंगामाआधी ट्रान्समीटरचे डायग्नोस्टिक्स कामाला कसे लावायचे

चिकोडी, निपाणी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटला नव्याने लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. मी याच भागात बॉयलर आणि को-जनची (वाफेवर वीज करणाऱ्या विभागाची) इन्स्ट्रुमेंटं सांभाळतो. हार्ट ट्रान्समीटर, म्हणजे दाब-पातळीसारखं माप करंटने पाठवणारी आणि त्याच तारांवर डिजिटल माहितीही देणारी उपकरणं, आपल्याकडे आता नवे राहिलेले नाहीत, पण त्यांच्याकडून आपण फक्त ४ ते २० मिलिअ‍ॅम्पियर घेतो आणि बाकी काही विचारत नाही. सेन्सर बिघडला, इलेक्ट्रॉनिक्स तापलं, कुणी सेटिंग बदललं, हे सगळं ट्रान्समीटर त्याच दोन तारांवरून सांगू शकतो. यालाच डायग्नोस्टिक्स म्हणायचं. ऐकणारं कुणी हवं, आणि ऐकल्यावर काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं, आणि तेच राहून जातं.

सुरुवात बॉयलरच्या ड्रम लेव्हलपासून, म्हणजे ड्रममधल्या पाण्याच्या पातळीपासून करा. पाणी घटलं तर ट्यूब तापून फुटतात, वाढलं तर वाफेबरोबर टर्बाईनकडे जातं. शिवाय आपला बॉयलर बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालतो. गॅसचा वॉल्व्ह बंद केला की आग विझते, तसं इथे होत नाही. फीडर आणि पंखे थांबले तरी ग्रेटवरचा बगॅस उष्णता देत राहतो. म्हणून लेव्हल खोटी दिसतेय हे वेळेत कळायला हवं. दुसरी बाजूही तेवढीच खरी. खोट्या सिग्नलने बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की वाफ गेली, वीज गेली, मिल थांबली. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या उभ्या, तोडलेला ऊस वाळतोय, त्यातली साखर घटतेय. तो ऊस कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा आहे.

पहिलं काम बिनखर्चाचं आहे. नामूर या प्रोसेस उद्योगातल्या ऑटोमेशन वापरणाऱ्यांच्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीप्रमाणे ट्रान्समीटरचं माप ३.८ ते २०.५ मिलिअ‍ॅम्पियरमध्ये राहतं, आणि स्वतःत बिघाड सापडला की तो करंट ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर नेतो. आता आपल्या डीसीएसचं (कंट्रोल रूममधून प्लांट चालवणाऱ्या संगणक यंत्रणेचं) इनपुट कार्ड बघा. काही ठिकाणी इनपुट ० ते १०० टक्क्यांत अडवलेलं असतं. मग ३.६ मिलिअ‍ॅम्पियर, म्हणजे उणे २.५ टक्के, ऑपरेटरला नुसतं शून्य दिसतं. ट्रान्समीटर ओरडतोय आणि स्क्रीनवर पाणी संपल्याचं चित्र. ही अडवणूक काढा आणि ३.६ ते ३.८ च्या मधे आणि २०.५ ते २१ च्या मधे बिघाडाची रेषा ठेवा. बॉयलर बंद असताना कम्युनिकेटरने (ट्रान्समीटरशी बोलणाऱ्या हातातल्या यंत्राने) लूप टेस्ट लावून ३.६, ३.८, २०.५ आणि २१ असा करंट पाठवा आणि कंट्रोल रूममध्ये काय दिसतं ते जोडीदाराकडून वाचून घ्या. कम्युनिकेटर जोडलाच जात नसेल तर लूपमध्ये सुमारे २५० ओहम रेझिस्टन्स आहे का ते आधी तपासा. टेस्ट संपल्यावर ट्रान्समीटर फिक्स करंटमधून बाहेर आलाय याची खात्री झाल्याशिवाय जागा सोडू नका.

बिघाडात करंट वर न्यायचा की खाली, हे ट्रान्समीटरवर जंपरने किंवा सेटिंगमध्ये ठरतं. लो लेव्हल ट्रिपच्या दृष्टीने खाली गेलेला करंट सुरक्षित, वर गेलेला घातक. हाय लेव्हलला नेमकं उलट. ड्रमला दोन्ही ट्रिप असतात, म्हणून नुसत्या दिशेवर विसंबून चालत नाही. बिघाडाचा करंट लॉजिकने बिघाड म्हणूनच ओळखला पाहिजे.

इथेच एक मर्यादा नीट समजून घ्या. ड्रमच्या डीपी (दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणाऱ्या) ट्रान्समीटरला एका बाजूला पाण्याने भरलेला रेफरन्स लेग, म्हणजे तुलनेसाठीची नळी असते. तिच्या ड्रेनला गळती लागली की डीपी कमी होतो आणि लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. कंट्रोलर फीडवॉटर कमी करतो, खरं पाणी आणखी उतरतं. ट्रान्समीटर स्वतः ठणठणीत असतो, त्यामुळे त्याचे डायग्नोस्टिक्स गप्प राहतात. हे पकडायचं तर तीन ट्रान्समीटर वेगवेगळ्या टॅपिंगवर (ड्रमवरच्या जोडणीच्या तोंडांवर) हवेत आणि त्यांच्यातल्या फरकावर अलार्म हवा. एकाच टॅपिंगवरचे तीन ट्रान्समीटर एकदमच खोटं बोलतील.

तीनपैकी दोन ट्रान्समीटरनी सांगितलं की बॉयलर बंद, अशी ट्रिप असेल तर एक ट्रान्समीटर बिघडल्याचं कळल्यावर लॉजिकने काय करायचं, हे आधी कागदावर लिहा. बिघडलेल्याचं मत ट्रिपच्या बाजूने धरलं तर उरलेल्या दोघांपैकी एकानेही बॉयलर बंद होतो. त्याला बाजूला काढलं तर दोघांचंही मत लागतं. पहिल्यात खोट्या ट्रिपचा धोका, दुसऱ्यात खरी ट्रिप हुकण्याचा. माझं मत स्पष्ट आहे: लो लेव्हलला पहिला मार्ग घ्या, स्पेअर ट्रान्समीटर आधीच कॉन्फिगर करून कपाटात ठेवा आणि त्याच शिफ्टमध्ये बदला.

वेळेवर माझा एवढा भर का, ते हिशेबाने बघू. समजा एका ट्रान्समीटरमध्ये वर्षाला ०.०२ इतका घातक बिघाड होतो आणि त्याची प्रूफ टेस्ट (लपलेले बिघाड शोधण्यासाठीची पूर्ण तपासणी) वर्षातून एकदा होते. गरजेच्या वेळी तो निकामी असण्याची सरासरी शक्यता ०.०२ गुणिले अर्धं वर्ष, म्हणजे ०.०१. डायग्नोस्टिक्सने यातले ६० टक्के बिघाड पकडले तर न सापडणाऱ्यांचा वाटा ०.००४ वर येतो. सापडलेले ७२ तासांत दुरुस्त केले तर त्यांची भर जेमतेम ०.०००१. पण अलार्म वाजूनही ट्रान्समीटर हंगामभर तसाच ठेवला, तर त्या ६० टक्क्यांचा काहीच फायदा नाही. उरलेल्या ४० टक्क्यांसाठी प्रूफ टेस्ट लागतेच, ती टाळता येत नाही.

करंटच्या पलीकडची माहिती सतत हवी असेल तर हार्ट वाचणारं इनपुट कार्ड लागतं. जुन्या डीसीएसला मार्शलिंग कॅबिनेटमध्ये (प्लांटमधल्या तारा जिथे येऊन जोडल्या जातात तिथे) अनेक ट्रान्समीटरची माहिती वाचणारा हार्ट मल्टिप्लेक्सर बसवता येतो, कार्डं बदलावी लागत नाहीत. मग माहितीचा पूर येतो, आणि तो ऑपरेटरवर सोडणं हा अन्याय आहे. नामूर एनई १०७ मध्ये चार वर्ग आहेत: बिघाड, तपासणी चालू, मर्यादेबाहेर आणि देखभाल हवी. ऑपरेटरला पहिला वर्ग दाखवा, आणि मर्यादेबाहेरपैकी ज्यावर तो खरंच काही करू शकतो तेवढंच. देखभालीचे संदेश इन्स्ट्रुमेंटच्या यादीत जाऊ देत. ‘तपासणी चालू’ मात्र शिफ्ट बदलताना वाचाच. लूप टेस्टमध्ये विसरलेला ट्रान्समीटर तिथेच सापडतो.

आपल्या कंट्रोल रूममध्ये एक जण मराठीत बोलतो, दुसरा कन्नडमध्ये. प्रत्येक बिघाडासमोर कुणाला फोन करायचा, लूप मॅन्युअलवर घ्यायचा की नाही, किती वेळात बदलायचं, हा तक्ता दोन्ही भाषांत छापून पॅनेलजवळ लावा. रात्रपाळीत शंकेला जागा राहू नये.

बॉयलर मार्गी लागल्यावर रसाकडे वळा. पीएच सेन्सरवर चुन्याचा थर बसतो. सेन्सरची काच आणि रेफरन्स इलेक्ट्रोड यांचा इम्पीडन्स (विद्युत विरोध) बघत राहिलात तर माप बिघडण्याआधी सफाई करता येते. डीपीने फ्लो मोजताना दाब ट्रान्समीटरपर्यंत नेणाऱ्या बारीक नळ्यांसाठी, म्हणजे इम्पल्स लाइनसाठी, काही ट्रान्समीटर सिग्नलमधला बारीक चढउतार मोजतात. दोन्ही नळ्या बुजल्या तर तो घटतो, पण एकच बुजली तर वाढूही शकतो, कारण दोन्हीकडचा सारखा चढउतार आता वजा होत नाही. म्हणून दोन्ही दिशांना मर्यादा ठेवा, आणि बेसलाइन (तुलनेचं मूळ माप) पूर्ण क्षमतेने गाळप चालू असतानाच घ्या. फीडवॉटर वॉल्व्हच्या पोझिशनरमधून (वॉल्व्ह ठरलेल्या जागी नेणाऱ्या उपकरणातून) फ्रिक्शनचा आलेख काढून ठेवा.

डिस्टिलरीत इथेनॉलची वाफ असू शकते. तिथे त्या झोनसाठी (स्फोटाच्या धोक्याच्या भागासाठी) प्रमाणित कम्युनिकेटरच न्या. आणि सगळीकडचं काम संपलं की सेफ्टी लूपच्या ट्रान्समीटरवर राइट प्रोटेक्ट (सेटिंग बदलू न देणारं कुलूप) चालू करून प्रत्येकाचं कॉन्फिगरेशन जपून ठेवा. पुढे कधी ‘कॉन्फिगरेशन बदललं’ असा संदेश आला, तर काय बदललं ते त्या प्रतीशी ताडून बघता येतं.